धरणाच्या पायथ्याशी तहान : वारजे परिसराच्या पाण्याचा प्रश्न

(वारजे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

आपल्या अभ्यासवर्गात आजवर जमीन, महागाई, बेकारी, जातिव्यवस्था अशा विषयांवर व्याख्याने झाली. आज मी वाळू, तुरटी आणि क्लोरीन यांविषयी बोलणार आहे, हे ऐकून काहींना नवल वाटले असेल. पाणी शुद्ध कसे करावे हे अभियंत्यांनी पाहावे, आपण मोर्चे काढावेत, अशी श्रमविभागणी आपण मनाशी करून ठेवलेली असते. ही श्रमविभागणी आपल्याला महागात पडली आहे, असे माझे मत आहे. जो प्रश्न आपण तज्ज्ञांवर सोपवतो, तो तज्ज्ञांकडे राहत नाही. तो ठेकेदाराकडे जातो आणि शेवटी टँकरवाल्याच्या दारात येऊन उभा राहतो.

पुण्याला पाण्याची लढाई नवी नाही. पेशवाईत अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या तलावातून जमिनीखालून नळ आणून शहरातल्या हौदांत पाणी खेळवले गेले. त्या काळच्या मानाने ती मोठी कामगिरी होती. परंतु हौदात पाणी आले म्हणून ते सर्वांचे झाले नाही. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा या शहराला कळले की पाण्याच्या प्रश्नात स्थापत्याइतकीच न्यायाचीही बाजू असते. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याच्या पाण्याला डॉ. आंबेडकरांनी हात लावला आणि ही बाजू साऱ्या देशापुढे मांडली. १९७२ नंतर बाबा आढाव यांच्या ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळीने हाच प्रश्न गावोगावच्या विहिरींवर नेला. गोरेगावात मृणालताई गोरे यांनी नळाच्या पाण्यासाठी बायकांना संघटित केले आणि लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. हा वारसा आपला आहे. पण या साऱ्या लढ्यांत मुख्य मागणी पाणी मिळण्याची होती. आज आपल्या परिसरात त्याच्या पुढचा प्रश्न उभा राहिला आहे : मिळालेले पाणी पिण्याजोगे आहे काय?

वारज्याचे स्थान पाहा. मुठेच्या काठी आपण राहतो. नदीने वर गेले की काही मैलांवर खडकवासल्याचे धरण आहे. १८६९ साली त्याचे काम सुरू झाले आणि १८७९ साली ते पुरे झाले. त्याच्या वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर. या चारही धरणांची साठवण मिळून सुमारे २९.१५ टीएमसी होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा ते पाणी याच नदीने, याच काठांवरून पुण्यात शिरले होते. धरणाचे संकट आपल्या वाट्याला सर्वांच्या आधी येते. धरणाचे पाणी मात्र आपल्या शेजारच्या गावांना सर्वांच्या शेवटी मिळते, आणि ज्यांना मिळते त्यांतल्या कित्येकांना ते गाळलेले मिळत नाही.

वारजे १९९७ साली महापालिकेत आले. येथे जलशुद्धीकरण केंद्र आहे. वर्तमानपत्रात गुरुवारच्या पाणीबंदीची सूचना येते तेव्हा ‘वारजे जलकेंद्र परिसर’ असे शब्द आपण वाचतो आणि कोथरूडपासून बाणेरच्या दिशेपर्यंत पसरलेल्या वस्त्यांची नावे त्याखाली असतात. म्हणजे पश्चिम पुण्याच्या मोठ्या भागाला पाणी पाजणाऱ्या केंद्राला आपल्या गावाचे नाव आहे. पण याच केंद्रापासून एन.डी.ए.च्या रस्त्याने पुढे निघा. शिवणे आणि उत्तमनगर २०१७ साली शहरात आले, कोंढवे-धावडे आणि कोपरे २०२१ साली. नदी ओलांडा, म्हणजे नांदेड आणि किरकटवाडी. तीही २०२१ साली आली. धायरी २०१७ साली आली होती. नकाशावर एक रेघ मारून गावाचे शहर करता येते. पण त्या रेघेबरोबर जलवाहिनी येत नाही, मैलावाहिनी येत नाही आणि गाळणीही येत नाही. घरपट्टीची पावती तेवढी वेळेवर येते. तिथल्या इमारती अजून बोअरवर आणि टँकरवर उभ्या आहेत, आणि गावठाणे जुन्या विहिरींवर.

याचा परिणाम काय होतो, हे जानेवारी २०२५ मध्ये आपण पाहिले. सिंहगड रस्त्यालगतच्या याच गावांतून माणसे हातापायांतली शक्ती जाऊन रुग्णालयात येऊ लागली. गुलियन-बारे सिंड्रोम हे अवघड नाव त्या आठवड्यांत घराघरांत पोचले. पुणे आणि आसपास मिळून संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, आणि काहींना प्राण गमवावे लागले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू आणि नोरोव्हायरस आढळला. हे दोन्ही दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरणारे आहेत. नांदेड आणि आसपासच्या गावांना मोठ्या विहिरीतले पाणी केवळ क्लोरीन टाकून पुरवले जात होते, त्यांच्यासाठी शुद्धीकरण केंद्रच नव्हते, ही गोष्ट तेव्हा उघड झाली. पाणी विकणाऱ्या काही खासगी आर.ओ. प्रकल्पांना टाळे ठोकावे लागले. प्रत्येक रुग्णाचा आजार एकाच विहिरीतून आला, असे म्हणण्याची घाई आपण करू नये. तो शास्त्रज्ञांचा प्रांत आहे. पण धरणापासून हाकेच्या अंतरावर, पुणे महापालिकेच्या हद्दीत, हजारो कुटुंबे न गाळलेले पाणी पीत होती, एवढे सत्य राजकीय निष्कर्ष काढायला पुरेसे आहे. हेही ध्यानात ठेवा की त्या वेळी महापालिकेत लोकांनी निवडून दिलेला एकही नगरसेवक नव्हता. मार्च २०२२ पासून कारभार प्रशासकाच्या हाती होता. ज्या लोकांना मत देऊन जाब विचारता येत नाही, त्यांच्या विहिरीकडे कोण पाहणार?

मग उपाय काय? एक उपाय लगेच सुचतो : विहिरी बंद करा, बोअर बुजवा, सगळ्यांना धरणाचे पाणी द्या. दुसरा उपाय आपल्यातलेच काही पर्यावरणवादी मित्र सुचवतात : धरण नको, पाऊस जिरवा, भूजलावर जगा. दोन्हीही अपुरे आहेत, आणि त्याचे कारण आपल्या पायाखालच्या खडकात आहे.

पुण्याची भूमी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून ती झाली. गंगेच्या खोऱ्यातल्या वाळूच्या जाड थरांसारखे पाणी या दगडात साठत नाही. ते राहते वरच्या झिजलेल्या मुरमात, दगडाच्या भेगांत आणि दोन थरांमधल्या सांध्यांत. म्हणून आपल्याकडे एका बोअरला धो धो पाणी लागते आणि वीस पावलांवरचा दुसरा कोरडा जातो. पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरते आणि चैत्र-वैशाखात तिचा तळ दिसतो. असा हा साठा छोटा, वर्षागणिक भरणारा आणि रिकामा होणारा आहे. शंभर घरांचे गाव त्यावर सुखाने जगत होते. त्याच जमिनीवर हजारो घरांचे मजले चढले, प्रत्येक सोसायटीने आपापला बोअर आणखी खोल नेला, आणि पाऊस जिरवणारी जमीन काँक्रीटखाली गेली, तेव्हा तोच साठा पुरणे शक्य नव्हते. ज्याचा पंप मोठा त्याचे पाणी, हा नवा कायदा तिथे लागू झाला. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ सालचा आहे, पण पंपाची अश्वशक्ती त्याहून प्रबळ ठरली आहे.

दुसरी गोष्ट गुणवत्तेची. ज्या भेगांतून पावसाचे पाणी खाली जाते, त्याच भेगांतून शोषखड्ड्याचे, फुटक्या मैलावाहिनीचे आणि नाल्याचे पाणीही जाते. मातीचा जाड थर पाणी काही अंशी गाळतो. दगडाची भेग गाळत नाही. जिथे माणसे दाट आणि मैलावाहिनी नाही, तिथे विहिरीत नायट्रेट आणि जंतू येणार, हे सांगायला भविष्यवेत्ता नको. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तीत कोणतीही सवलत नाही. पाणी उकळून नायट्रेट जात नाही आणि क्लोरीनने ते नाहीसे होत नाही.

तेव्हा भूजलाला पूरक म्हणून धरणाचे शुद्ध केलेले पाणी आणणारे नवे केंद्र हवे, हीच योग्य भूमिका आहे. ‘पूरक’ हा शब्द मी जाणून वापरतो. केंद्राचे पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी रोज हमखास मिळावे. विहिरी आणि बोअर राखून ठेवावेत, तपासावेत, त्यांच्याभोवतीची घाण दूर करावी आणि ते पाणी धुण्याला, झाडांना, संडासाला वापरावे. जलवाहिनी फुटली किंवा धरणात पाणी कमी पडले, तर हाच गावाचा आधार असतो. नळ आला की विहिरीत कचरा टाकायचा, ही आपली जुनी खोड आहे. आजी-आजोबांनी खणलेला आड बुजवून त्यावर गाडी लावण्याची जागा करणारा समाज पुढच्या दुष्काळाला उत्तर देऊ शकत नाही.

आता केंद्र म्हणजे काय ते पाहू, कारण ज्याची मागणी करायची ते आपल्याला ठाऊक हवे. धरणातून आलेले कच्चे पाणी प्रथम पायऱ्यांवरून खळाळत सोडतात, म्हणजे त्यात हवा मिसळते आणि वास कमी होतो. मग त्यात तुरटी किंवा तिच्यासारखे द्रव्य घालून ते जोराने ढवळतात. आपल्या आयांनी माठात तुरटी फिरवली, त्याचेच हे मोठे रूप. त्यानंतर पाणी हळूहळू ढवळतात, म्हणजे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. निवळण टाकीत हे पुंजके दोन-अडीच तासांत तळाशी बसतात. वरचे निवळ पाणी वाळूच्या गाळण्यातून जाते. शेवटी क्लोरीन देऊन ते शुद्ध पाण्याच्या टाकीत साठवतात. यातली कोणतीही पायरी गाळता येत नाही. गढूळ पाण्यात क्लोरीन टाकले तर ते मातीवरच खर्च होते आणि कणांच्या आड दडलेले जंतू सुखरूप राहतात. म्हणूनच मानकात गढूळपणाची इष्ट मर्यादा १ एकक आणि नळाच्या टोकाशी उरलेल्या क्लोरीनचे प्रमाण लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम ठरवले आहे. नांदेडच्या विहिरीचा धडा हाच आहे की नुसते क्लोरीन म्हणजे शुद्धीकरण नव्हे.

हा धडा जगाने फार पूर्वी मोठी किंमत देऊन घेतला. १८९२ साली जर्मनीत हांबुर्ग शहरात पटकीची साथ आली. हांबुर्ग एल्बे नदीचे पाणी न गाळता पीत होते. त्याला लागूनच असलेले आल्टोना त्याच नदीचे पाणी, तेही हांबुर्गची घाण मिसळल्यानंतरचे, वाळूतून गाळून पीत होते. हांबुर्गात आठ हजारांहून अधिक माणसे मेली आणि आल्टोना बव्हंशी वाचले. दोन्ही शहरांच्या सीमेवरच्या रस्त्याच्या एका बाजूला मृत्यू आणि दुसऱ्या बाजूला जीवन, असे तेव्हा दिसले. मधे होती ती फक्त वाळू. आपल्याकडे महापालिकेच्या हद्दीची रेघ २०२१ साली पुसली गेली, पण गाळलेल्या आणि न गाळलेल्या पाण्याची रेघ तशीच राहिली.

दुसरे उदाहरण समाजवाद्यांना अंतर्मुख करणारे आहे. अमेरिकेत मिल्वॉकी नावाचे शहर आहे. तिथे १९१० ते १९६० या काळात तीन समाजवादी महापौर झाले, त्यांतले डॅनियल होन १९१६ पासून १९४० पर्यंत सलग त्या पदावर होते. गटारे, पाणी, बागा, सार्वजनिक आरोग्य यांवर त्यांनी इतका भर दिला की त्यांच्याच पक्षातले क्रांतिवादी त्यांना ‘गटार समाजवादी’ म्हणून हिणवत. त्यांनी ते नाव अभिमानाने मिरवले. पण गोष्ट इथे संपत नाही. १९९३ साली त्याच शहरात, दक्षिणेकडच्या शुद्धीकरण केंद्रात गाळण्याची प्रक्रिया नीट चालेना. क्लोरीनला न जुमानणारा एक परजीवी पाण्यातून घरोघर गेला आणि सुमारे चार लाख माणसे आजारी पडली. तात्पर्य असे की केंद्र बांधून समाजवाद संपत नाही. ते दररोज, प्रत्येक पाळीला, पावसाळ्याच्या प्रत्येक गढूळ रात्री नीट चालवावे लागते.

आता थोडे अंकगणित करू. एक लाख लोकवस्ती धरा. महानगरासाठीचे सरकारी प्रमाण माणशी रोज १५० लिटर आहे. म्हणजे घरापर्यंत पोचलेले पाणी दीड कोटी लिटर हवे. वाटेतली गळती १५ टक्क्यांच्या आत ठेवावी, असे केंद्र सरकारच्या नियमावलीत सांगितले आहे. तेवढी धरली तर केंद्रातून रोज सुमारे १ कोटी ७६ लाख लिटर पाणी निघाले पाहिजे. वाळूच्या गाळण्यातून दर चौरस मीटरला तासाला सुमारे ५ हजार लिटर पाणी जाते असे धरल्यास, यासाठी साधारण दीडशे चौरस मीटर गाळणी पुरते. म्हणजे एका बऱ्यापैकी सभागृहाएवढी जागा! धुण्यासाठी एक-दोन गाळण्या जादा ठेवाव्या लागतील, तरी ही काही आकाशातली कुऱ्हाड नव्हे. हेच दीड कोटी लिटर पाणी दहा हजार लिटरच्या टँकरने द्यायचे झाले, तर रोज १,५०० खेपा लागतील. केंद्र महाग की टँकर महाग, याचा हिशेब कोणतीही गृहिणी करू शकेल. तो हिशेब लांबणीवर टाकण्यात कोणाचा लाभ आहे, हेही तिला कळते.

पण या अंकगणिताची दुसरी बाजू आहे. महापालिका वर्षानुवर्षे सांगत आली आहे की सुमारे ४० टक्के पाणी गळतीत आणि हिशेबाबाहेर जाते. गळती ४० टक्के धरली तर त्याच एक लाख लोकांसाठी केंद्रातून रोज अडीच कोटी लिटर काढावे लागेल. फरक ७४ लाख लिटरचा. चाळीस हजारांहून अधिक माणसांचे पाणी जमिनीत मुरते किंवा चोरीला जाते, असा याचा अर्थ. म्हणून नवे केंद्र मागताना जुन्या नळांचाही हिशेब मागितला पाहिजे. २०१७ साली महापालिकेने चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी दोनशे कोटींचे कर्जरोखे काढले आणि मुंबईच्या शेअर बाजारात त्याची घंटा वाजवली. घंटेचा आवाज आपण सर्वांनी ऐकला. नळाचा आवाज चोवीस तास ऐकू येतो का, ते आपापल्या घरी जाऊन पाहा.

गळतीचा हा प्रश्न केवळ शहराच्या तिजोरीचा नाही. तो नैतिक आहे, आणि इथे मला आपल्या शहरी कार्यकर्त्यांशी थोडे कठोर बोलले पाहिजे. शुद्धीकरण केंद्र पाणी निर्माण करत नाही, ते दुसऱ्याच्या वाट्याचे पाणी आपल्याकडे वळवू शकते. खडकवासल्याच्या कालव्याकडे हवेली, दौंड आणि इंदापूरचा शेतकरी डोळे लावून बसलेला असतो. पुण्याचा मंजूर कोटा अनेक वर्षे ११.५ टीएमसी होता आणि शहराची उचल त्याहून कितीतरी अधिक राहिली. सांडपाणी शुद्ध करून मुंढव्याहून साडेसहा टीएमसी पाणी कालव्यात परत देण्याचे शहराने कबूल केले. ते किती मिळते आणि कसे मिळते, हे खालच्या शेतकऱ्याला विचारा. शहराच्या पूर्व भागासाठी भामा-आसखेडचे पाणी जानेवारी २०२१ मध्ये आले, पण त्यासाठी खेड तालुक्यातल्या धरणग्रस्तांना पुनर्वसनासाठी वारंवार आंदोलन करावे लागले. इथून चांदणी चौकातून मुळशीकडे रस्ता जातो. त्याच मुळशीत सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. शंभर वर्षांत एवढाच फरक पडला आहे की तेव्हा पाणी मुंबईच्या गिरण्यांच्या विजेसाठी हवे होते आणि आज आमच्या सोसायट्यांच्या बागांसाठी हवे आहे. पाण्याच्या न्यायाची गोष्ट करणाऱ्याने आपल्या नळाच्या दुसऱ्या टोकाला कोण उभे आहे, हे विसरता कामा नये. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत एक साधा नियम घातला : पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, माणसांच्या संख्येने वाटायचे, आणि भूमिहीनालाही त्यात वाटा. हा नियम शहरालाही लागू करायचा की नाही, हा खरा समाजवादी प्रश्न आहे.

यातूनच मीटरचा वाद येतो. आपल्यातले कित्येक साथी मीटरला ठाम विरोध करतात. मीटर म्हणजे खासगीकरणाची पहिली पायरी, अशी त्यांची भीती आहे. ती निराधार नाही. २०१२ साली नागपूरचा पाणीपुरवठा दीर्घ मुदतीच्या करारावर खासगी चालकाकडे गेला आणि त्याविरुद्ध तिथल्या नागरिकांना व कामगारांना उठावे लागले. पण कऱ्हाडशेजारच्या मलकापूरचे उदाहरणही डोळ्यांपुढे ठेवा. त्या छोट्या नगरपंचायतीने मीटर बसवून चोवीस तास पाणी दिले आणि योजना सार्वजनिक मालकीचीच ठेवली. तेव्हा प्रश्न मीटर असावा की नसावा हा नाही. तो कोणाच्या हाती असावा आणि त्याचे दर कोण ठरवणार, हा आहे. मापल्यावाचून चोर सापडत नाही आणि गळतीही सापडत नाही. माझी सूचना अशी आहे : माणशी ठरावीक पाणी अत्यल्प दरात, झोपडपट्टीत विनामूल्य, आणि त्यापुढे वापर वाढेल तसा दर चढता. पोहण्याच्या तलावाचे पाणी आणि पोळ्या लाटायच्या पिठातले पाणी एकाच भावाने विकू नये. या सूचनेवर आपल्यात मतभेद होतील. ते व्हावेत. पण मतभेद आकड्यांवर व्हावेत, घोषणांवर नव्हे.

आणखी एक वर्ग आहे, ज्याचा उल्लेख पाण्याच्या अहवालात कधी येत नाही. केंद्रातला रात्रपाळीचा चालक, प्रयोगशाळेतला रसायनज्ञ, आणि पहाटे चौकातली झडप फिरवणारा, ज्याला आपण ‘चावीवाला’ म्हणतो, तो. मिल्वॉकीचा धडा मी सांगितला. गढूळपणा वाढला हे यंत्र दाखवते, पण ते पाहून तुरटीचे प्रमाण बदलणारा हात माणसाचा असतो. हा हात सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर असेल, त्याला शिक्षण नसेल आणि धोका दिसला तरी बोलण्याची छाती नसेल, तर कोट्यवधींच्या केंद्राचा उपयोग नाही. कायम नोकरी ही कामगाराची मागणी आहे, तशीच ती पाणी पिणाऱ्याच्या आरोग्याची अट आहे. आपल्या कामगार आणि नागरिक आघाड्यांनी ही गोष्ट एकत्र मांडली पाहिजे.

तर मग आपण काय करायचे? मी काही ठोस कामे सुचवतो.

पहिले काम मोजणीचे. शिवण्यापासून कोपऱ्यापर्यंत आणि नदीपलीकडच्या गावांतही प्रत्येक वस्तीत कोणते पाणी येते, विहिरीचे, बोअरचे, टँकरचे की केंद्राचे, याची यादी करा. उरलेले क्लोरीन तपासायची ओ.टी. चाचणी शाळकरी मूलही करू शकते. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, तसेच राहिले तर नाही. जंतूंसाठी बाटलीतले पाणी काळे होते का, ते पाहण्याची सोपी चाचणी मिळते. दर आठवड्याला या नोंदी वस्तीच्या फलकावर लावा. अधिकाऱ्याला निवेदन देताना भाषणाऐवजी ही वही पुढे ठेवा.

दुसरे, जिथे विहिरीचे पाणी आज पिण्यासाठी जाते, तिथे केंद्र होईपर्यंतच्या मधल्या काळात लहान गाळणी संच तातडीने बसवावेत, ही मागणी. मोठी योजना पाच-सात वर्षे घेते. तेवढी वर्षे मुलांनी काय प्यावे, याचे उत्तर योजनेच्या नकाशात नसते.

तिसरे, नव्या केंद्राचा आराखडा मराठीत, गावातल्या फलकावर, काम सुरू होण्याआधी मांडला जावा. किती लोकसंख्या धरली, किती गळती धरली, गाळणी धुतलेले पाणी पुन्हा वापरणार की नदीत सोडणार, वीज गेली तर काय, चालवणार कोण, हे प्रश्न प्रभागसभेत विचारले जावेत. शुद्धीकरणाची यंत्रणा नियमावलीप्रमाणे १५ वर्षांचा विचार करून आखतात. पंधरा वर्षांनी या गावांत किती माणसे असतील, हे बिल्डरला आजच ठाऊक आहे. ते महापालिकेलाही ठाऊक असले पाहिजे. पाण्याची सोय दाखवल्याखेरीज नव्या इमारतीला परवानगी नको, ही मागणी यातूनच निघते.

चौथे, मैलावाहिनीची मागणी पाण्याच्या मागणीशी जोडा. जपानच्या कर्जसाह्याने पुण्यात ११ मैलाशुद्धीकरण केंद्रांची योजना आखली गेली, त्यांतले एक वारज्याचे. पण काठावरच्या गावांचा मैला धरणात आणि विहिरीत मिसळत राहिला, तर वरचे केंद्र आणि खालचे केंद्र एकमेकांशी कायमची कुस्ती खेळत बसतील.

आणि पाचवे, दौंड-इंदापूरच्या शेतकरी कार्यकर्त्यांना या अभ्यासवर्गाला बोलवा. पाण्याच्या वाटणीवर शहराच्या आणि गावाच्या गरिबांनी एकमेकांशी भांडावे, यात दोघांचाही तोटा आहे. आपण गळती कमी करून आणि सांडपाणी शुद्ध करून किती पाणी खाली सोडू शकतो, हा आकडा त्यांच्यापुढे ठेवू. त्यांनी उसाखालच्या पाण्याचा आकडा आपल्यापुढे ठेवावा.

मित्रहो, ही कामे लहान दिसतात. वहीत क्लोरीनचे आकडे लिहिताना क्रांतीचा भास होत नाही, हे मला मान्य आहे. पण जोतीरावांनी जो हौद खुला केला, तोही एका घरामागचा हौदच होता. पाणी सर्वांचे आहे असे म्हणणे सोपे आहे. ते सर्वांचे करायचे तर ते सर्वांना पुरेल एवढे मोजावे लागते, सर्वांना पचेल एवढे गाळावे लागते, आणि दुसऱ्याचे हिरावून घेतलेले नाही याची खात्री करावी लागते. धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला विहिरीच्या पाण्याने पांगळेपण यावे, ही या शहराची नामुष्की आहे. ती पुन्हा येऊ न देणे हे या परिसरातल्या कार्यकर्त्यांचे येत्या काळातले पहिले काम आहे. येत्या रविवारी वह्या घेऊन निघू या.